आधी गळती, मग बचत, शेवटी पाऊस: घर आणि बागेतलं पाणी वाचवण्याचा क्रम

पाणी वाचवायचं ठरलं की बऱ्याच घरांत कामाला सुरुवात शेवटच्या टोकाकडून होते. छतावरचं पाणी बोअरमध्ये सोडण्यासाठी हजारो रुपये खर्च होतात आणि त्याच घरात संडासातली फ्लशची टाकी रात्रंदिवस झिरपत असते. बागेला ठिबक बसतं, पण वरची टाकी भरून वाहू लागली की शेजारच्यांनी हाक मारेपर्यंत मोटर बंद होत नाही. म्हणून हा लेख उपायांपेक्षा क्रमावर जास्त भर देतो. आधी मोजायचं, मग गळती थांबवायची, मग वापर कमी करायचा, मग तेच पाणी दुसऱ्यांदा वापरायचं, मग बागेची तहान कमी करायची आणि त्यानंतर पावसाकडे वळायचं. या क्रमाने गेलात तर पहिल्या दोन पायऱ्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि पुढची प्रत्येक यंत्रणा लहान आकारात भागते.

हिशेबासाठी एक घर गृहीत धरू. सोलापूर, लातूर, संभाजीनगर किंवा पुण्याच्या कडेच्या वस्तीतलं बैठं घर. माणसं चार, छत हजार चौरस फुटांचं, जमिनीत एक टाकी, गच्चीवर प्लास्टिकची एक टाकी, पुढेमागे मिळून तीन-चारशे चौरस फूट बाग आणि काही कुंड्या. नळ रोज येत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातलं बागेचं आणि पावसाचं काम सोसायटीच्या बैठकीत मांडावं लागेल, बाकी सगळं तसंच लागू आहे.

पहिली पायरी: मोजणी

शहरातल्या पाणीपुरवठ्याचं नियोजन साधारण माणशी रोज १३५ लिटर धरून होतं. म्हणजे आपल्या चार माणसांच्या घराला ५४० लिटर. तुमच्या घराचा आकडा काय आहे, हे आधी कळायला हवं. मीटर असेल तर रोज सकाळी एकाच वेळी आकडा लिहून ठेवा. मीटर नसेल तर जमिनीतल्या टाकीत काठी बुडवून मोजता येतं. टाकीची आतली लांबी-रुंदी फुटांत घ्या आणि लक्षात ठेवा की एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. टाकी सहा फूट बाय पाच फूट असेल तर पाण्याचा प्रत्येक इंच म्हणजे सुमारे ७० लिटर. एका बांबूवर इंचाच्या खुणा करून तो टाकीजवळच ठेवा. नळ न येणाऱ्या दिवशी सकाळी आणि दुसऱ्या सकाळी मोजलं की दिवसाचा खर्च समजतो. मात्र दोन्ही वेळा वरची टाकी सारखीच भरलेली असायला हवी.

मग प्रत्येक नळाखाली बादली लावून मोबाइलवर वेळ घ्या. पंधरा लिटरची बादली मिनिटात भरली तर तो नळ मिनिटाला पंधरा लिटर सोडतो. स्वयंपाकघरातल्या नळाला याच्या निम्मंही लागत नाही. हे आकडे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, घरातली मुलं ते सगळ्यांत आधी वाचतात.

एवढं केलं की कुठे हात घालायचा ते दिसायला लागतं. उदाहरणार्थ, जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटर सोडत असेल आणि चार माणसं मिळून दिवसातून वीस वेळा ती वापरत असतील, तर २०० लिटर तिथेच जातात. ५४० लिटरच्या घरात हा एक तृतीयांशाहून मोठा वाटा आहे. दात घासताना नळ बंद ठेवण्यावर आपण जेवढं बोलतो, तेवढं या टाकीवर बोलायला हवं.

दुसरी पायरी: गळती शोधणं आणि थांबवणं

रात्री सगळे झोपायला गेले की सगळे नळ बंद करा, पाणी शुद्ध करणारं यंत्र बंद करा आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी कुठवर आहे तिथे खडूने खूण करा. सकाळी कोणी नळ उघडायच्या आत जाऊन पाहा. पातळी उतरली असेल तर घरात कुठेतरी गळती आहे. दुसऱ्या रात्री संडासातल्या टाकीचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा कॉक, हाही बंद ठेवून तीच चाचणी करा. आता पातळी उतरली नाही, तर चोर सापडला.

फ्लशच्या टाकीची खात्री करायला आणखी सोपी युक्ती आहे. टाकीत खाण्याचा रंग किंवा थोडा बिटाचा रस टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर झिजलं आहे. ते रबर किंवा आतला पूर्ण संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. जुना सुटा भाग सोबत घेऊन जा, कारण मापं कंपनीप्रमाणे बदलतात. कधी कधी रबर चांगलं असतं, पण बॉल कॉक पाणी वेळेवर तोडत नाही आणि जास्तीचं पाणी मधल्या नळीतून सतत वाहत राहतं. झाकण उघडून पाहिलं की हे लगेच दिसतं. चेंडूची दांडी किंवा स्क्रू फिरवून पातळी त्या नळीच्या तोंडाच्या इंचभर खाली आणायची.

ठिबकणारा नळ म्हणजे दर सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला ८६,४०० थेंब. थेंब अगदी बारीक असला तरी हे चार लिटरच्या वर जातं, आणि नळाचे थेंब बारीक क्वचितच असतात. जुन्या फिरकीच्या नळात वायसर बदलायचा असतो, पाव फेरीत उघडणाऱ्या नव्या नळात स्पिंडल. दोन्ही कामं मुख्य कॉक बंद करून पान्याने घरी करता येतात. नळ जोरात आवळून थेंब थांबवण्याची सवय मात्र सोडा, त्याने वायसर आणखी लवकर फाटतो.

वरच्या टाकीतून वाहून जाणारं पाणी हा वेगळा विषय आहे, कारण ते कुणाला दिसतच नाही. बहुतेक घरांत टाकीच्या सांडव्याचा पाइप गच्चीवरच्या पन्हळीत सोडलेला असतो. तो पाइप खाली आणून फाटकाजवळ किंवा अंगणात, सगळ्यांच्या नजरेसमोर सोडा. टाकी भरली की लगेच लक्षात येईल आणि तेवढं पाणी निदान झाडाला मिळेल. पाणी भरल्यावर वाजणारा भोंगा किंवा मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवला तर उत्तमच.

जमिनीतल्या टाकीचीही एकदा परीक्षा घ्या. नळ येणार नाही अशा दिवशी, मोटर न लावता, आठ तास पातळी पाहायची. टाकीला तडा गेला असेल तर पाणी बाहेर जातंच, शिवाय टाकी रिकामी असताना बाहेरची घाण आत येऊ शकते. जवळून गटार जात असेल तर ही दुरुस्ती पुढे ढकलू नका.

तिसरी पायरी: तेच काम कमी पाण्यात

फ्लश बदलायचा असेल तर तीन आणि सहा लिटरची दोन बटणं असलेली टाकी घ्या. आत्ता खर्च करायचा नसेल तर जुन्या टाकीत पाण्याने भरून बूच घट्ट लावलेली एक लिटरची बाटली उभी ठेवा, चेंडूला अडणार नाही अशी. प्रत्येक वेळी एक लिटर वाचतं, दिवसाला वीस. काही जण वीट ठेवतात, ती हळूहळू झिजते आणि तिची वाळू रबराखाली अडकून नवी गळती तयार होते. बाटलीच बरी. एका फ्लशने काम होत नसेल आणि दोनदा दाबावं लागत असेल तर बाटली काढून टाका, त्यात बचत नाही.

नळाच्या तोंडाला लावायची जाळी स्वस्त असते आणि हवा मिसळून धार भरदार ठेवते. ती स्वयंपाकघर आणि बेसिनला लावा. बादली भरायच्या नळाला लावू नका, तिथे पंधरा लिटरच हवेत आणि जाळीने फक्त वेळ वाढतो. बोअरच्या जड पाण्याने ही जाळी क्षार धरते. महिन्यातून एकदा काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवली की पुन्हा मोकळी होते.

अंघोळीला बादली-तांब्या ही आपली जुनी पद्धत अजूनही सगळ्यांत चांगली आहे. वीस लिटरमध्ये माणूस स्वच्छ होतो. मिनिटाला दहा लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहिलं तर पन्नास लिटर जातात. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना शॉवर सोयीचा असतो हे खरं आहे, त्यांच्यासाठी कमी धारेचा हातशॉवर आणि बसायला पाट किंवा खुर्ची द्यावी.

गच्चीवर सोलर असलेल्या घरांत आणखी एक जागा आहे. गरम पाणी येईपर्यंत पाइपमधलं गार पाणी सोडून दिलं जातं. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरमागे पाव लिटरच्या आसपास पाणी असतं. गच्चीपासून खालच्या न्हाणीघरापर्यंत वीस मीटर पाइप असेल तर दर वेळी पाच लिटर, आणि मधल्या वेळात पाइप गार झाला तर पुन्हा पाच. ते पाणी वेगळ्या बादलीत धरा, घरच्यांनी एकामागोमाग अंघोळी उरका आणि उघड्यावरच्या पाइपला फोमचं आवरण घाला.

भांडी घासताना नळ दोनदाच उघडायचा: एकदा सगळी भांडी भिजवायला आणि एकदा विसळायला. खरकटं आधी हाताने किंवा जुन्या कागदाने पुसून काढलं तर विसळायला निम्मं पाणी पुरतं. विसळायला दोन टोप घ्या, पहिल्यात फेस उतरवायचा आणि दुसऱ्यात स्वच्छ करायचं. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे सांगताना त्यांच्या वेळेचाही विचार व्हायला हवा. दोन मोठे टोप आणि भिजवलेली भांडी तयार ठेवली तर त्यांचंही काम लवकर होतं. नुसता उपदेश केला तर काहीच बदलत नाही.

कपड्यांचं यंत्र पूर्ण भरल्याशिवाय लावू नका. वरून कपडे टाकायच्या यंत्राला समोरून उघडणाऱ्या यंत्रापेक्षा बरंच जास्त पाणी लागतं. पण चालू यंत्र फक्त त्यासाठी मोडीत काढण्यापेक्षा त्याचं शेवटचं पाणी वापरणं शहाणपणाचं आहे, ते पुढे येतंच.

पाणी शिळं होत नाही

ही पायरी नाही, सवय आहे. नळाला पाणी आलं की काल भरलेले हंडे-कळशा मोरीत ओतून ताजं पाणी भरायचं, हे आजही हजारो घरांत होतं. दिवसाआड नळ येणाऱ्या गावात तर पिंपच्या पिंप असं ओतलं जातं. स्वच्छ भांड्यात, झाकून, ओगराळ्याने किंवा तोटीने काढून घेतलेलं पाणी दोन-चार दिवसांत खराब होत नाही. ते खराब होतं हात बुडवल्याने, झाकण उघडं राहिल्याने आणि तळाचा गाळ न काढल्याने. ज्यांना मनाला पटत नाही त्यांनी कालचं पाणी पिण्याऐवजी कपड्यांना, फरशीला, झाडांना वापरावं, पण ओतू नये.

साठवणुकीला एक अट आहे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून पिंपांना घट्ट झाकण किंवा कापड बांधा आणि आठवड्यातून एक दिवस प्रत्येक भांडं रिकामं करून आतली कड घासून सुकवा. अंडी पाण्याच्या रेषेला कडेवर चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. त्या दिवशी रिकामं केलेलं पाणीही झाडांनाच जावं.

चौथी पायरी: एकाच पाण्याचे दोन उपयोग

कोकणात परसदारी न्हाणीचं पाणी केळी, अळू आणि माडाला जातं, त्यासाठी कोणाला यंत्रणा विकत घ्यावी लागली नाही. शहरातल्या घरात तेच करायचं तर कुठलं पाणी कुठे चालेल हे ओळखावं लागतं.

सगळ्यांत सोपं पाणी म्हणजे तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं. ते थेट कुंडीत घाला. मीठ घालून उकडलेल्या पदार्थाचं पाणी मात्र झाडांना नको. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते कुंड्यांना, इस्त्रीला, काचा पुसायला छान. पिण्याला वापरू नका.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी हा मोठा साठा आहे. घरगुती यंत्रात एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे तीन लिटरच्या आसपास पाणी नाळीतून बाहेर जातं. पहिला प्रश्न हा की तुम्हाला आरओ लागतं का. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, क्षार याहून कमी असतील तिथे आरओवर बंदी घालण्याचे निर्देश सरकारला दिले होते. हे विरघळलेले क्षार म्हणजेच टीडीएस. तो मोजणारा पेनासारखा मीटर स्वस्त असतो, तो नळाच्या पाण्यात बुडवून पाहा. धरणाचं पाणी येणाऱ्या बऱ्याच शहरांत आकडा या मर्यादेच्या खूप खाली असतो, तिथे जंतूंसाठी उकळणं किंवा अतिनील दिव्याचं यंत्र पुरतं. बोअरचं पाणी पीत असाल तर केवळ टीडीएसवर निर्णय घेऊ नका, फ्लोराइड आणि नायट्रेटची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांमध्ये आहेत.

आरओ ठेवावंच लागलं तर त्याच्या नाळीचं पाणी वीस लिटरच्या डब्यात धरा. यंत्रात जाणारं पाणी ३०० टीडीएसचं असेल तर बाहेर पडणारं साधारण ४०० चं असतं, ते भांडी, फरशी, फ्लश, झाडं सगळ्याला चालतं. जाणारंच ८०० चं असेल तर बाहेरचं हजाराच्या वर जातं. ते फरशी आणि संडासापुरतं ठेवा, कुंड्यांत घातलं तर काही महिन्यांत मातीवर पांढरी साय दिसू लागते.

कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी दोन भागांत पाहा. पहिलं, साबणाचं पाणी अंगण आणि संडास धुवायला. शेवटचं, विसळण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते पिंपात धरून पुढच्या धुण्याच्या पहिल्या फेरीत ओता किंवा फरशीला घ्या. यंत्राची नळी जमिनीवर आडवी टाकू नका, पाणी आपोआप ओढून निघून जातं आणि यंत्र सतत भरत राहतं. नळीचं तोंड यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर अडकवा, पिंप त्याच्या खाली ठेवा.

अंघोळीचं पाणी बागेत न्यायचं तर थोडी बांधणी करावी लागते. न्हाणीघराच्या बाहेर एक लहान चेंबर, त्यात केस आणि साबणाचा गाळ अडवणारी जाळी. तिथून पाइप झाडाकडे. वाटेत दुहेरी कॉक बसवाच, म्हणजे केसांना रंग लावला, फिनाइल किंवा ब्लीचिंग पावडरने न्हाणी धुतली, की ते पाणी गटाराकडे वळवता येईल. पाइपच्या टोकाला तीन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा खणून त्यात वाळक्या फांद्या, पाचट, पालापाचोळा भरा आणि कडेने केळी, कर्दळ, अळू लावा. पाणी पाचोळ्याखाली जिरतं, वर साचत नाही, वास येत नाही, डास होत नाहीत.

या पाण्याचे नियम कडक पाळा. ते पिंपात साठवायचं नाही, त्याच दिवशी मातीत जाऊ द्यायचं. पानांवर फवारायचं नाही. कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर यांना अजिबात नाही. काळ्या मातीत जास्त काळजी घ्या, कारण साबणातला सोडियम साठत गेला तर माती चोपण होते, पाणी मुरेनासं होतं आणि वाळल्यावर ढेकळं दगडासारखी होतात. म्हणून दोन-तीन जागा आलटून पालटून वापरा आणि पावसाळ्यात हे पाणी बागेत सोडू नका, त्या चार महिन्यांत साचलेले क्षार पावसाने खाली जाऊ द्या.

बाग नसलेल्यांसाठी शोषखड्डा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घराघरांत असे खड्डे करून उघडी गटारं बंद केली आणि ही पद्धत पुढे नांदेड पॅटर्न म्हणून ओळखली गेली. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्याच्या मध्यभागी वरच्या बाजूला भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोट्यांचे थर. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून दगडांत आणि मग मातीत. अधूनमधून टाकीतला गाळ उपसला की खड्डा चालत राहतो.

पाचवी पायरी: बागेची तहान कमी करणं

मराठवाडा-विदर्भात कडक उन्हाळ्यात जमिनीतून आणि पानांतून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडतं. शंभर चौरस फूट हिरवळीच्या बाबतीत हे दिवसाला ७० लिटर होतं. एवढ्या पाण्यात तीन माणसांची अंघोळ होते. अशा हवेत हिरवळ लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्या जागी मुरूम-खडीची वाट, मध्ये मोकळी माती आणि सावली देणारी दोन-तीन झाडं ठेवा. शेवगा, सीताफळ, डाळिंब, कढीपत्ता, पांढरा चाफा, कण्हेर, तगर, बोगनवेल, सदाफुली, कोरफड ही मंडळी एकदा रुजली की थोडक्यात भागवतात. कण्हेर विषारी असते, घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर ती टाळा. नवी लागवड जूनच्या अखेरीस किंवा जुलैत करा, मुळं खाली जायला पूर्ण पावसाळा मिळतो. मार्चमध्ये लावलेलं रोप उन्हाळाभर तुमच्या हातच्या पाण्यावर जगतं.

पाणी कधी घालायचं याचं उत्तर घड्याळात नाही, मातीत आहे. बोट दोन पेरं खोल खुपसा. ओल लागली तर आज पाणी नको. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, ती स्थिती मुळांना हवी असते. रोज थोडं थोडं शिंपडलं की वरचा इंचभर भिजतो, मुळं वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं. मोठ्या झाडाला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, तेही खोडाशी न घालता फांद्यांचा घेर संपतो तिथे गोल आळं करून द्यावं. वेळ पहाटेची. कोकणातल्या जांभ्या मातीत पाणी भराभर खाली जातं, तिथे थोडं आणि जास्त वेळा द्या. काळी माती पाणी धरून ठेवते, तिथे अंतर वाढवा, पण भेगा पडण्याची वाट पाहू नका, भेगांतून खालची ओलही उडते.

आच्छादन हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय आहे. दोन-तीन इंच जाडीचा पालापाचोळा, उसाचं पाचट, वाळलं गवत किंवा नारळाच्या शेंड्या मातीवर पसरा. ऊन थेट मातीला लागत नाही, ओल टिकते, तण कमी होतं आणि खालचा थर कुजून खत होतो. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते. अंगणातला पाला जाळणं किंवा घंटागाडीत देणं म्हणजे आपलंच पाणी देऊन टाकणं आहे. कुंड्यांनाही हेच लागू पडतं.

भाज्यांसाठी मडकं पुरून पाणी देण्याची पद्धत फार गुणी आहे. कुंभाराकडून न रंगवलेलं, चकाकी नसलेलं, पाचेक लिटरचं मडकं घ्या. पाणी भरून एक रात्र बाहेर ठेवा, बाहेरून ओलसर झालं तर ते पाझरतं, कामाचं आहे. वाफ्यात गळ्यापर्यंत पुरा, तोंड मातीच्या दोन बोटं वर राहू द्या, भरून त्यावर पणती किंवा सपाट दगड झाका. झाकण डासांसाठी आणि उन्हासाठी दोन्हीला हवं. भोवती एक-दीड फुटाच्या आत टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी लावा. माती कोरडी असली की ती मडक्यातून पाणी ओढते, ओली असली की पाझर मंदावतो, त्यामुळे वाया जवळजवळ काही जात नाही. उन्हाळ्यात साधारण तीन-चार दिवसांनी भरावं लागतं. बी मात्र मडक्याच्या भरवशावर पेरू नका, उगवण होईपर्यंत वरून शिंपावं लागतं. मोठ्या झाडाच्या मुळांजवळ पुरलं तर मुळं मडकं फोडतात. दोन-तीन हंगामांनी पाझर कमी झाला तर काढून नारळाच्या काथ्याने घासायचं.

बाग मोठी असेल तर ठिबक. ताशी दोन किंवा चार लिटरचे ड्रिपर, गाळणी, बारीक नळी एवढं पुरतं. कमी दाबावर चालणारा संच घेतला तर एक-दीड मीटर उंचीवर ठेवलेल्या पिंपातूनही लहान बाग भिजते. हिशेब सोपा ठेवा: चार लिटरचा ड्रिपर अर्धा तास म्हणजे दोन लिटर. ठिबक लावून कॉक बंद करायला विसरलं तर ते नळीने घालण्यापेक्षा महाग पडतं, म्हणून कॉकवर टायमर असावा किंवा मोबाइलवर गजर.

कुंड्यांबद्दल थोडंसं. कुंड्या सुट्या सुट्या कठड्यावर ठेवण्यापेक्षा एकत्र, पूर्वेच्या बाजूला ठेवा, मार्च ते मे वर हिरवी जाळी बांधा. लहान मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधली फट पाचोळ्याने भरली की बाजूंनी उडणारं पाणी थांबतं.

सहावी पायरी: पाऊस

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, यावर सगळा हिशेब उभा आहे. हजार चौरस फूट छत म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला वीस टक्के उडून-सांडून गेला असं धरलं, तरी सुमारे ५२,००० लिटर हाती लागतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. चांगल्या पावसाच्या वर्षी एवढं पाणी अशा दहा घरांच्या छतांवर पडतं, निम्म्या पावसाच्या दुष्काळी वर्षी वीस घरांच्या. कोकणात २,५०० मिलिमीटर धरले तर एकाच छतावर पावणेदोन लाख लिटरच्या वर होतात, आणि तरीही तिथल्या कित्येक वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो, कारण उतारावरून ते थांबतच नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गच्ची झाडून, पन्हळी साफ करून घ्या. सगळे उतरते पाइप एका जागी आणा. तिथे तळाला बूच असलेला एक उभा तुकडा ठेवा. हंगामाच्या पहिल्या पावसात, आणि मोठ्या खंडानंतर आलेल्या पावसात, बूच काढून ठेवायचं. धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाला घेऊन येणारं पहिलं पाणी बाहेर जातं. आपल्या छतासाठी हे शंभर-दोनशे लिटर धरा आणि ते बागेत सोडा. धार स्वच्छ दिसू लागली की बूच लावून पाणी गाळणीकडे. गाळणी म्हणजे प्लास्टिकच्या पिंपात खालून वर मोठी खडी, बारीक खडी, जाड वाळू आणि वर नायलॉनची जाळी. ती दर पंधरवड्याला धुवा.

आता हे पाणी साठवायचं की जिरवायचं? माझा आग्रह आहे की आधी साठवा. अनेकांना वाटतं की पाच हजार लिटरची टाकी काय पुरणार. पण ती पावसाळ्यात एकदाच भरत नाही. जून ते सप्टेंबर फ्लश, कपडे, फरशी या टाकीवर चालवली की ती पुन्हा पुन्हा रिकामी होते आणि पुन्हा पुन्हा भरते, आणि तेवढं नळाचं पाणी वाचतं. सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात ती काठोकाठ भरून घट्ट झाकून ठेवायची. उजेड आत गेला नाही तर शेवाळ धरत नाही.

टाकी भरल्यावर सांडणारं पाणी जिरवा. बोअरभोवती खड्डा करून, केसिंगला (बोअरच्या बाहेरच्या पाइपला) भोकं पाडून, जाळी गुंडाळून थेट पाणी उतरवण्याची पद्धत रूढ आहे आणि ती काम करते. पण त्या बोअरचं पाणी कोणी पीत असेल तर मी थेट पाणी सोडण्याच्या बाजूने नाही. गाळणी एका पावसात तुंबली तरी गढूळ पाणी आणि जंतू सरळ खाली जातात. त्याऐवजी बोअरपासून दहा-पंधरा फुटांवर दगड, खडी आणि वाळूचा पाझरखड्डा करा, मधली माती स्वतःच गाळते. घराच्या पायापासूनही तेवढंच लांब. न्हाणीचं किंवा संडासाचं पाणी या खड्ड्यात कधीही येता कामा नये, आणि सेप्टिक टँक जवळ असेल तर जागा बदला.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, खड्ड्यावरची वाळू दोन-तीन इंच काढून धुवून परत भरा, तिच्यात गाळ बसलेला असतो. बोअरच्या तोंडातून वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. हीच मोजणी जानेवारीत आणि मे महिन्यात करा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की बागेत यंदा किती वाफे ठेवायचे, टाकी मोठी करायची का, टँकर कधी सांगून ठेवायचा, हे त्या वहीवरून ठरवता येतं.